तू तिथं व्हतास काय?

इब्राहिमभाई, तुमचं कफन अपुरं पडलं.

अब्दुल गफूर दर्ज्यानं सवयीनं चारचौघांचं असतं तेच माप धरून कापड फाडलं. मग त्यानं तुमच्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला. आपल्याच खोलीत राहणारा माणूस, तुमचे सगळे सदरे त्याच्याच हातचे, तुमची छाती किती, बाही किती, सगळं त्याला तोंडपाठ, आणि नेमका त्या दिवशी त्याचा हात चुकला. फिंतासच्या बाजारात माणूस धावला, दुसरं कापड आलं, तोवर सत्तेचाळीस मिनिटं गेली. मी घड्याळ पाहत होतो. तुम्ही असता तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला असता, "बघा रं, मयताच्या उशाशी बसलाय आन टाइम बघतोय."

सवय आहे. त्या वेळी दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

आज बारा दिवस झाले. मी हे लिहायला बसलो आहे कारण तुम्ही मला एकदा एक प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर दिलं नव्हतं. इथे आखातात रुपया जाऊन दिनार आला त्या वर्षीची गोष्ट. त्यानंतर आपण एकाच खोलीत राहिलो, एकाच थाळ्यात जेवलो, दोन्ही ईदना गळाभेट घेतली. तुम्ही तो प्रश्न परत विचारला नाहीत आणि मीही तो विषय काढला नाही. आता तुम्ही नाही आहात तर मला बोलावंसं वाटतं आहे. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते तेलकंपनीच्या फाटकावर. मी नवा टाइमकीपर, कामगारांचे पितळी बिल्ले घेऊन कोण किती वाजता आला ते लिहून ठेवणारा. डिसेंबरची सकाळ होती, वाळवंटातली थंडी हाडात शिरत होती, आणि समोरून लालभडक रेशमी झगा घातलेला एक डोंगर चालत आला. डोळ्यांत सुरमा, मिशीला मेण, पुढचा एक दात सोन्याचा, डावा कान चुरगळलेला. मला वाटलं कुणी नाटकवाला चुकून इकडे आला. तुम्ही बिल्ला टेबलावर ठेवलात आणि त्याच झटक्यात डावी मूठ माझ्या नाकावर मारलीत. मारली नाहीत. नाकापासून एक बोट अंतरावर ती थांबली. माझे डोळे गच्च मिटले होते. उघडले तेव्हा तुम्ही पाठमोरे झाला होता आणि झग्यावर सोनेरी धाग्यातलं इंग्रजी नाव दिसत होतं, 'आयर्न इब्राहिम', त्यातली निम्मी अक्षरं गळालेली.

जेटीवरच्या खलाशांच्या टोळीचे तुम्ही तांडेल. दोर, कप्प्या, साखळ्या आणि अकरा माणसं तुमच्या हाताखाली. कुठल्याही तांडेलाला तो झगा शोभला नसता, पण तुम्हाला कोण बोलणार. तुम्ही म्हणायचा, थंडीला कोट घ्यायचा तर घरात हा पडलाच आहे की. मुंबईच्या गोदीत खलाशी असताना शनिवारी संध्याकाळी तुम्ही गोऱ्या सोल्जरांशी आणि बोटींवरच्या दांडगटांशी बॉक्सिंग खेळलात, हेवीवेटमध्ये, त्या दिवसांचा तो झगा. मग रोज सकाळी ती मूठ यायची आणि रोज माझे डोळे मिटायचे. सात वर्षं. मी ठरवून यायचो की आज मिटायचे नाहीत. एकदाही जमलं नाही. टोळीतले लोक त्यासाठी मुद्दाम रेंगाळायचे.

पहिल्याच उन्हाळ्यात मला ऊन लागलं आणि मी पाइपांच्या थप्पीमागे कोसळलो. तुम्ही मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलंत. शुद्ध आली तेव्हा पलंगाशेजारी तुम्ही बसला होता आणि नर्सला हिंदीत सांगत होता की याला मी एक मैल उचलून आणला. महिन्याभरात तो एक मैल दोन झाला. पुढच्या रमजानपर्यंत तीन, आणि वाटेत वाळूचं वादळही आलं. त्या गोष्टीत मी कधी तोंड घातलं नाही. माझ्यासाठी कुणी तीन मैल चाललं हे ऐकायला मला बरं वाटायचं. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, आणि लाज वाटली.

फिंतासच्या त्या मातीच्या घरात आपण सहा जण, सगळे दापोली-मंडणगडकडचे. शुक्रवारी नमाज करून आलं की भाकरी तुमच्याकडे. गावाहून आलेलं तांदळाचं पीठ, उकड काढायची, मळायची, आणि मग तुमचा तो पंजा. भाकरी तुम्ही डाव्या हाताने थापायचा. उजवा नुसता पीठ सारायला आणि परात फिरवायला. मी म्हणायचो, इब्राहिमभाई, हीसुद्धा तुमची नाटकं. तुम्ही हसायचा आणि एवढ्या मोठ्या हातातून कागदासारखी पातळ भाकरी तव्यावर पडायची. तशी भाकरी मला माझ्या घरातही मिळालेली नाही. हे मी बायकोला कधी सांगितलेलं नाही, तुम्हालाही नाही.

जेवण झालं की गोष्ट. लढाईच्या आधीची मुंबई, गोदीजवळचा पत्र्याच्या छपराचा हॉल, आणि आरमारी बोटीवरचा तो लाल दाढीवाला गोरा, तुमच्याहून मूठभर उंच. पहिले दोन राउंड त्यानं तुम्हाला बडवलं. तिसऱ्या राउंडला तुमचा ठोसा त्याच्या कपाळावर बसला आणि तुमच्याच उजव्या हाताचं हाड मोडलं. पंचाला कळलं असतं तर सामना थांबला असता, म्हणून तुम्ही तोंड वाकडं केलं नाहीत. तिथून पुढे नुसत्या डाव्यावर. आणि शेवटच्या राउंडला तो डावा हनुवटीखाली लागला. गोरा पडला नाही, तुम्ही म्हणायचा. "काय तरी इसरल्यावानी खाली बसला. आन उठलाच नाय." इथे गफूर दर वेळी मांडीवर थाप मारायचा, जणू काही पहिल्यांदाच ऐकतोय.

मी राउंड मोजायचो. पहिल्यांदा ऐकली तेव्हा सहा होते. बकरी ईदला सात. वर्षभरानं आठ. नंतर नऊ. एकदा मी म्हटलंच, "इब्राहिमभाई, राउंड म्हणजे तीन मिनिटं आणि मध्ये एक मिनिट थांबा. हिशेबाची गोष्ट आहे ही. दर वर्षी वाढायला ते काय आंब्याचं झाड आहे?"

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलंत. "हे बाहेर बसणाऱ्याचा हाय. मार खाणाऱ्याला इचार तीन मिंटा केवढी असतात ती."

"मग खरं किती, ते सांगा."

"तू भाकरी खा."

तो वाद तसाच राहिला. माझ्या बाजूनं मी तो अजून सोडला नव्हता, तुमच्या बाजूनं तो वाद नव्हताच.

आता त्या संध्याकाळबद्दल बोलतो.

कंपनीच्या मैदानावर बॉक्सिंगचे सामने होते, बोटींवरचे लोक विरुद्ध कंपनीचे लोक. मी टाइमकीपर, म्हणून घंटा वाजवायला मला बसवलं होतं. तुम्ही झगा इस्त्री करून घेतला होता. दहा दिवस आधीपासून बातमी होती की स्टोअर्सचा गोरा साहेब तरुण कामगारांना बॉक्सिंग शिकवायला कायमचा माणूस शोधतो आहे. तुमचं वय पन्नाशीच्या पलीकडे गेलं होतं. उन्हात साखळ्या ओढून संध्याकाळी तुम्हाला जिना चढताना कठडा धरावा लागायचा, ते मी पाहत होतो. तुम्ही खोलीत फक्त एवढंच म्हणाला होता, "सावलीतला काम हाय ता." त्या एका वाक्यात तुम्हाला ते किती हवं होतं ते सगळ्यांना कळलं होतं.

सामने संपल्यावर साहेबानं तुम्हाला बोलावलं. भोवती पन्नासएक माणसं, निम्मी गोरी. तुम्हाला इंग्रजी थोडं समजायचं, बोलता यायचं नाही, म्हणून मी मध्ये. साहेबानं विचारलं, मोठा सामना कुठला खेळलास? तुम्ही गोष्ट सुरू केलीत. लाल दाढी, मोडलेला हात, नऊ राउंड. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होतो, आणि मला माझं इंग्रजी फार चांगलं चाललंय असं वाटत होतं. साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होता. आणि मी जोडून दिलं. कुणी विचारलेलं नसताना. म्हटलं, सर, आज नऊ म्हणतोय, पण चार वर्षांपूर्वी सहा सांगितले होते. मी नोंद ठेवतो. आणि मोडक्या हाताने कुणी इतके राउंड खेळेल का, ते आपणच ठरवा.

हशा पिकला. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. चांगला माणूस होता, वाईट हेतू नव्हता त्याचा. तुमच्या खांद्यावर थाप मारून "खलाशांच्या गोष्टी" असं काहीतरी म्हणाला आणि ग्लास भरायला गेला. तुम्हीही हसत होता, सोन्याचा दात दिसत होता. तुम्हाला वाटलं गोष्ट आवडली. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "काय म्हनला?" मी काहीतरी बोललो. पण टोळीतला एक जण इंग्रजी जाणणारा होता, त्यानं तुमच्या कानात सांगितलं. तुमचं हसू लगेच गेलं नाही. ते तोंडावर बराच वेळ तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

शिकवायचं काम एका गोऱ्या वेल्डरला मिळालं.

परतीच्या ट्रकमध्ये आपण समोरासमोर बसलो होतो. झगा तुम्ही घडी घालून मांडीवर घेतला होता. फिंतासचे दिवे दिसायला लागले तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "दाऊद, तू तिथं व्हतास काय रं?"

तिथं म्हणजे मुंबईच्या त्या पत्र्याच्या हॉलात. मी घड्याळ बघितलं. आठ वाजून वीस मिनिटं. अजून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बिल्ला टेबलावर ठेवलात आणि पुढे गेलात. मूठ आली नाही. मी डोळे मिटले होते, ते उघडावे लागले. टोळीतली माणसं थोडा वेळ थांबून निघून गेली. शुक्रवारी भाकरी झाली, माशाचं कालवण झालं, जेवणं झाली. गफूर म्हणाला, "व्हय तर इब्राहिमभाय, तो लाल दाढीवाला." तुम्ही म्हणालात, "मना आता नीट आठवत नाय. दाऊदला इचार." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो, भांडण झालं असतं, मिटलं असतं. तुम्ही खरंच ती गोष्ट माझ्या हवाली करून मोकळे झाला होता.

त्यानंतर ती गोष्ट तुमच्या तोंडून कुणी ऐकली नाही. झगा ट्रंकेत गेला. पुढच्या थंडीत तुम्ही कंपनीचा खाकी कोट घेतलात आणि फाटकावरून येणाऱ्या शेदीडशे माणसांत मला तुम्ही लांबून ओळखू येईनासे झालात.

माफी मागायची संधी नव्हती असं मी म्हणणार नाही. वर्षाला दोन ईद. गळाभेट घेताना मी दर वेळी पुटपुटलो, कहासुना माफ करा. तुम्हीही म्हणालात, माफ. पण ते सगळेच सगळ्यांना म्हणतात. चहा सांडल्याची माफी आणि त्या संध्याकाळची माफी एकाच वाक्यात उरकून घ्यायची माझी ती पळवाट होती. तुम्हाला ते कळत होतं असं वाटतं, कारण तुम्ही मला नेहमीपेक्षा थोडं लवकर सोडायचा.

आणि मग तो सोमवार. जेटीवर भर उन्हात तुम्ही दोराच्या वेटोळ्यावर बसलात. टोळीतले लोक सांगतात, "जरा बसतो" म्हणालात. कामाच्या वेळी तुम्हाला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे घाबरून धावले. मी पोचलो तेव्हा तुम्ही गेला होता. उन्हानं गेलात की छातीनं, ते डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आहे. मी एवढंच जाणतो की सावलीतलं काम तुम्हाला मिळू शकलं असतं. मिळालंच असतं असं नाही. मी अचूक बोलणारा माणूस आहे, म्हणून तेवढंच म्हणतो. पण झोपताना मला ते तेवढंच वाटत नाही.

गुसल द्यायला गफूर, मी आणि मौलवीसाहेब. मौलवीसाहेबांनी आधीच बजावलं. अंघोळ घालताना मयताचं काही उणं दिसलं तर ते इथंच ठेवून जायचं, बाहेर त्याचा शब्द काढायचा नाही. चांगलं दिसलं तर सांगा. गफूरनं मान हलवली. मी खाली बघत होतो. मेलेल्याचं उणं झाकायला मला मौलवी लागला, आणि जिवंत माणसाचं उणं मी पन्नास लोकांसमोर साहेबाच्या भाषेत उघडं केलं होतं. ते उणं होतं की नव्हतं हेसुद्धा न बघता.

उजव्या बाजूनं सुरुवात करायची असते. तुमचा उजवा हात मी माझ्या हातात घेतला. बारा वर्षांत पहिल्यांदा. साबण लावताना बोटांना लागलं. करंगळीच्या मागे, पंजाच्या वरच्या बाजूला, हाडाची मोठी गाठ. मूठ वळली की जिथे उंचवटा यायला हवा तिथे खड्डा. शेजारचं बोटही वाकडं बसलेलं. तो हात नीट पसरतच नव्हता, आणि तो मरणानं आखडला नव्हता, फार जुना तसा होता. मी गफूरकडे बघितलं. तो म्हणाला, "तुना ठाव नव्हता? म्हनून तर भाकरी डाव्यानं."

हाड कुठे मोडलं, कुणाच्या कपाळावर मोडलं, हे हाड सांगत नाही. गोदीत साखळीखालीही मोडू शकतं. मी हा विचार तिथेच, तुमचा हात धरून केला, इतका मी वाईट आहे. पण मग दुसरा विचार आला. त्या संध्याकाळी, किंवा ट्रकमध्ये, किंवा नंतरच्या कुठल्याही शुक्रवारी, तुम्ही नुसता हा हात माझ्यासमोर धरला असतात तरी पुरे होतं. मी गप्प झालो असतो. तुम्ही तो परातीत पिठाखाली ठेवलात. ज्यानं विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलंय त्याच्यापुढे शरीर पुरावा म्हणून मांडायचं नाही, असं तुमचं काही असेल. मला विचारता आलं असतं. आता ते तसंच राहणार.

मी तो हात तीनदा धुतला. मौलवीसाहेबांना वाटलं मी मोजण्यात चुकलो. म्हणाले, झाला, पुढे चला.

काल शुक्रवार होता. नमाजनंतर तुमच्या नावानं फातेहा पढली. भाकऱ्या मी थापल्या. जाड झाल्या, दोन फाटल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. तुमच्या जागेवर श्रीवर्धनकडचा नवा क्रेनवाला बसला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याला उठवावंसं कुणाला वाटलं नाही. जेवणं झाली. मग गफूर माझ्याकडे न बघता म्हणाला, "दाऊद, तू सांग ती गोष्ट. तुना पाठ हाय."

आणि मला कळलं की खरंच ती माझ्याशिवाय कुणाला पाठ नव्हती. बाकीचे आवडीनं ऐकायचे, म्हणून विसरले. मी चुका काढायला ऐकली, म्हणून माझ्याजवळ सगळी राहिली. पत्र्याचं छप्पर, लाल दाढी, पहिले दोन राउंड, तिसऱ्याला हात. मी सांगत गेलो. तुमच्यासारखी जमत नव्हती, मध्येच मी हाताचं हाड कुठे मोडलं होतं ते दाखवलं, तिथे गोष्ट थांबली, पुन्हा सुरू केली. नवव्या राउंडला गोरा काहीतरी विसरल्यासारखा खाली बसला. गफूरनं मांडीवर थाप मारली.

क्रेनवाला म्हणाला, "सहाच ना पन? जेटीवर सगळी सहाच म्हनतात. कुनी तरी साहेबाच्या म्होरं शाबित केलंता."

गफूर थाळ्यातली भाताची शितं बोटानं गोळा करत राहिला.

"साहेबासमोर बोलला तो मी," मी म्हटलं. "मी तिथं नव्हतो."

"मंग कोन व्हता?"

"इब्राहिमभाई होते. ते नऊ म्हणतात."

ट्रकमधल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, इब्राहिमभाई. तीन शब्दांचं, मी तिथं नव्हतो. तुमच्यासमोर द्यायचं होतं, एका अनोळखी माणसासमोर दिलं.

आज सकाळी फाटकावर तुमच्या टोळीची माणसं एकेक करून बिल्ले ठेवून गेली. अकरा झाले. मग तुमची वेळ आली. टेबलावर काही पडलं नाही. माझे डोळे मात्र गच्च मिटले होते.